संस्थाचालक आणि काळजीवाहक: संघटना एक असावी की दोन?

प्रश्न (निवास व्यवस्थापक)

आमच्यासह सात छोट्या निवासी वृद्धसेवा संस्थांनी मिळून संघटना स्थापन करण्याचे ठरवले आहे. परवान्याचे नूतनीकरण, अनुदानाचे थकलेले हप्ते, दोन तपासनीसांनी एकाच बाबतीत दिलेल्या परस्परविरोधी सूचना, हे विषय आजवर प्रत्येकाने एकेकट्याने मांडून पाहिले आणि प्रत्येकजण रिकाम्या हाताने परतला. त्यामुळे एकत्र येण्याबद्दल दुमत नाही. अडले आहे ते घटनेच्या मसुद्यातील सदस्यत्वाच्या कलमापाशी.

काही चालकांचे म्हणणे असे की, संघटना 'सेवा देणाऱ्यांची' म्हणवायची असेल तर अंग पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या आणि रात्र जागून काढणाऱ्या काळजीवाहकांनाही तिच्यात मताचा अधिकार हवा. उरलेल्यांच्या मते त्यांना मताविना सहयोगी सदस्यत्व देणे पुरेसे आहे. मी स्वतः आधी अनेक वर्षे काळजीवाहक होते आणि आता व्यवस्थापक आहे. दोन्ही बाजू माझ्याच असल्याने मला निवाडा करता येत नाही. ज्यांनी अशा संघटना चालवल्या आहेत त्यांनी अनुभव सांगावा, ही विनंती.

उत्तर १ (माजी सचिव)

माझे मत स्पष्ट आहे: संघटना दोन असाव्यात आणि त्यांच्यात लेखी करार असावा. एकाच छताखाली सर्वांना घेण्याची कल्पना उदार वाटते. पण वेतनाचा किंवा मनुष्यबळाचा प्रश्न मतदानाला येतो त्या दिवशी तिची परीक्षा होते.

अमेरिकेतील अलीकडचे उदाहरण पाहा. तेथील केंद्र सरकारने मे २०२४ मध्ये शुश्रूषागृहांसाठी किमान मनुष्यबळाचा नियम प्रसिद्ध केला. प्रत्येक निवाशामागे दररोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा मिळावी आणि नोंदणीकृत परिचारिका चोवीस तास उपस्थित असावी, असे त्यात म्हटले होते. कामगार संघटनांनी त्याचे स्वागत केले. चालकांची राष्ट्रीय संघटना असलेल्या अमेरिकन हेल्थ केअर असोसिएशनने मात्र न्यायालयात आव्हान दिले आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्ससमधील संघीय न्यायालयाने त्या नियमातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. माणसेच मिळत नाहीत आणि वाढीव खर्चाची तरतूद नाही, हे चालकांचे म्हणणे निराधार नव्हते. एका पाळीत किती जणांची काळजी घ्यायची यालाही काही मर्यादा असते, हे काळजीवाहकांचे म्हणणेही तितकेच खरे होते. ही दोन्ही माणसे एकाच संघटनेत असती तर तिने कोणती बाजू मांडली असती? बहुधा कोणतीच नाही, आणि मौनाचा लाभ ज्याच्या हाती आधीच सत्ता आहे त्याला होतो.

याला कायदेशीर बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार मालकांच्या वर्चस्वाखाली कामगार संघटना उभी करण्याच्या प्रयत्नांना हस्तक्षेप मानतो. चालकांच्या संघटनेत 'काळजीवाहक विभाग' उघडणे कितीही सद्हेतूने झाले, तरी ते त्या रेषेच्या फार जवळ जाते. मताविना सहयोगी सदस्यत्व हा तर मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो, कारण त्यात निवेदनावर काळजीवाहकांचे नाव वापरले जाते आणि त्यांचे म्हणणे वगळले जाते.

एकत्र लढण्यासारखा मुद्दा एक आहे आणि तो फार मोठा आहे. शासन किंवा विमा योजना प्रत्येक निवाशामागे जो दर देते, तो प्रत्यक्ष खर्चावर आधारित असावा आणि त्यातील वेतनाचा हिस्सा वेगळा दाखवून राखून ठेवलेला असावा, ही मागणी दोघांनी मिळून करता येते. आमच्या निवेदनात ती दुसरी अट नव्हती. दर वाढला, वेतन वाढले नाही, आणि पुढच्या निवेदनावर सही करायला एकही काळजीवाहक आली नाही.

उत्तर २ (कायम रात्रपाळी)

मी काळजीवाहक आहे आणि मला तुमच्या संघटनेत मत नको आहे. मताऐवजी काय हवे ते सांगते.

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा पहाटे घाबरून उठतात, मला ओळखत नाहीत आणि हात उगारतात. यात त्यांचा दोष नाही. पण मनगट सुजते ते माझे. ही घटना लिहून ठेवली तर 'तुला हाताळता आले नाही' असा शेरा मिळतो, म्हणून कोणी लिहीत नाही आणि नोंदवहीत आमची प्रत्येक रात्र शांत असते. हिंसा व छळवणुकीबाबतच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करारासोबतची २०६ क्रमांकाची शिफारस ज्या कामांत धोका अधिक आहे त्यांची नावे घेते. आरोग्यसेवा, समाजसेवा, रात्रीचे काम आणि एकट्याने करायचे काम ही चारही त्यात आहेत. माझ्या नोकरीत ही चारही एकत्र येतात. अशी नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही आणि रात्री फोन केल्यास उत्तर देणारी अनुभवी व्यक्ती असेल, एवढे सातही संस्थांनी लेखी मान्य केले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट शोकाची. चार वर्षे ज्यांना रोज आंघोळ घातली त्या आजी जातात, कुटुंबीय येऊन सामान नेतात, आणि दोन दिवसांत त्या पलंगावर नवे माणूस येते. आम्ही नातेवाईक नाही, म्हणून आम्हाला रजा नाही आणि 'तू कशी आहेस' असे विचारणारेही कोणी नाही. पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे एकत्र बसून त्या व्यक्तीविषयी बोलण्याची मुभा हवी, आणि ती कामाच्या वेळात धरलेली हवी.

उत्तर ३ (प्रशिक्षिका)

व्यावसायिक आधाराचा मुद्दा चर्चेत मागे पडतो आहे, म्हणून लिहिते. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील सहायकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण ठरवले. २००८ मध्ये तेथील वैद्यक संस्थेने ते किमान १२० तास करण्याची शिफारस केली, तरी राष्ट्रीय किमान मर्यादा ७५ तासांवरच राहिली. जपानने त्याच १९८७ साली स्वतंत्र कायदा करून काळजीवाहकांसाठी राष्ट्रीय पात्रता निर्माण केली. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण त्यात पात्रता माणसाजवळ राहते आणि नोकरी बदलली तरी सोबत जाते.

चालकांना नेमकी हीच भीती असते की, आपण खर्च करून शिकवलेली बाई शेजारच्या संस्थेत निघून जाईल. एकट्या संस्थेपुरती ही भीती खरी आहे. सात संस्थांनी प्रशिक्षणाचा सामायिक निधी उभारला आणि एकमेकांचे प्रमाणपत्र मान्य केले, तर ती बरीचशी उरत नाही, कारण आज आपली गेली तरी उद्या शेजाऱ्याने शिकवलेली आपल्याकडे येते. तुमच्या संघटनेने पहिल्या वर्षी एकच काम करायचे असेल तर हे करा.

एक सावधगिरीचा शब्द: 'योग्य पद्धतीने उचला' असे शिकवून पाठदुखी थांबत नाही. हाताने माणूस हलवताना सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार घेऊ नये, असे या विषयातील तज्ज्ञ आदर्श परिस्थितीतही सांगतात. पूर्ण वाढलेल्या माणसाचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. तेथे उचलयंत्र आणि सरकपट्टीच लागते. प्रशिक्षणाचा निधी यंत्राऐवजी वापरला जाऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर (निवास व्यवस्थापक)

सर्वांचे आभार. रात्रपाळीच्या ताईंचे उत्तर मी दोनदा वाचले. 'हाताळता आले नाही' हा शेरा मीही कधीतरी लिहिला आहे. सहयोगी सदस्यत्वाचे कलम वगळण्याचा प्रस्ताव मी पुढील बैठकीत मांडत आहे. त्याऐवजी काळजीवाहकांच्या स्वतंत्र संघटनेशी, ती स्थापन झाल्यावर, वर्षातून चार संयुक्त बैठकांचा करार आणि सामायिक प्रशिक्षण निधी असे दोन ठराव आणणार आहे. घटनांच्या नोंदीचा नमुना मात्र बैठकीची वाट न पाहता आमच्या निवासात या आठवड्यापासूनच सुरू करते.

उत्तर ४ (एका निवासी आजींची मुलगी)

संपूर्ण चर्चेत दोनच बाजू मोजल्या गेल्या, म्हणून तिसरीची आठवण करून देते. वर उल्लेख झालेल्या १९८७ च्या त्याच कायद्याने निवाशांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना गट स्थापन करून भेटण्याचा हक्कही दिला होता. माझ्या आईला कोण उचलते, ती उचलणारी थकलेली आहे का, तिच्या जागी दर महिन्याला नवी व्यक्ती का येते, हे मला दिसते आणि ते मी अधिकाऱ्यांसमोर सांगू शकते. माझी नोकरी त्यावर अवलंबून नाही, की माझा परवानाही नाही. तुमच्या त्या चार बैठकांपैकी निदान दोन बैठकांना आम्हालाही बोलवा, आणि कार्यसूची आधी पाठवा.