मदत हवी आहे: अभंगात पुनरुत्थान कसं बसवू?

सलाम मंडळी, ईस्टरच्या उपासनेत म्हणायला एक अभंग लिहितेय आणि पार अडकलेय. लहानपणापासून चर्चमध्ये ना. वा. टिळकांची गीतं म्हटलीत त्यामुळे चाल डोक्यात आहे पण लिहायला बसलं की कळतं किती अवघड आहे ते. ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या तिसऱ्या चरणाला यमक. पहिलं कडवं असं झालंय:

दगड सरला
पहाट हसली
मरिया बसली
रडतच

अक्षरं बरोबर बसली पण आमच्या आत्या म्हणाल्या अगं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात मरिया (मग्दालिया) येशूच्या कबरेपाशी उभी राहून रडत होती, बसली कुठे? आता "उभी" घेतलं की यमक गेलं. यमकासाठी शास्त्र बदलायचं का हो? मला तरी पटत नाही.

दुसरं म्हणजे "पुनरुत्थान" हा शब्द. जोडाक्षर एकच धरलं तरी पाच अक्षरं जातात, चरणात उरतं एक! "उठला" म्हटलं तर फारच साधं वाटेल का? (मला साधंच आवडतं खरं तर.)

आणि ख्रिस्ताला माउली म्हटलं तर चालेल ना? टिळकांनी आई म्हटलंय, फादर स्टीफन्सनी तर १६१६ मध्येच ओवीत ख्रिस्तपुराण छापलं, तरी आमच्याकडे काहींना ते "वारकरी" वाटतं.

कुणी अभंग लिहीत असाल तर तिसरा चरण सुचवा प्लीज, पाळकसाहेबांना रविवारपर्यंत द्यायचाय.