वय ६१, शिवणकाम येतं. या वयात कुणी शिकवतं का?

मी सोलापूरची. २२ वर्षं शाळेच्या गणवेशांना कॉलर बसवल्या. दिवाळीनंतर मालक म्हणाले, "मावशी, आता नजर पुरत नाही तुमची." मोतीबिंदू काढून झालाय, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते मी! घरी पायमशीन आहे, पण पट्टा सारखा सुटतो. एका शिवणवर्गात गेले, तर तिथल्या मुलीनं जन्मसाल बघून फॉर्म परत दिला. फार लागलं मनाला.

उत्तर: मावशी, पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज करा. स्वतःचं काम करणाऱ्यांसाठी आहे, १८ व्यवसायांत शिंपीकाम येतं. वय किमान १८, वर मर्यादा नाही. आधी ५-७ दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, शिवाय साहित्यासाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर. म्हणजे मशीनचा प्रश्न सुटेल. कुटुंबात एकालाच मिळतं, तेव्हा घरी आधी बोलून घ्या. अर्ज सीएससी केंद्रात (सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र), आधार आणि रेशनकार्ड घेऊन जा. अंगठा द्यावा लागतो.

उत्तर: नोकरीच हवी असेल तर साठीपुढच्यांसाठी केंद्र सरकारचं 'सेक्रेड' पोर्टल आहे. ते जमलं नाही तर १४५६७ वर फोन करा, ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

प्रश्नकर्ती: अंगठ्याचीच भीती वाटते हो. कापड सरकवून ठसे झिजलेत, रेशनलाही तीन-तीनदा पुसून द्यावा लागतो.

उत्तर: मग आधी आधार केंद्रात बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्यानं घेऊन या, सीएससीत त्यानंतर जा.