'मी आहे' या जाणिवेवर बसताना अडतंय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. मुंबईत खेतवाडीतल्या घरी येणाऱ्यांना निसर्गदत्त महाराज सांगत, 'मी आहे' या जाणिवेत राहा. सध्या पहाटे तशी ध्यानाला बसते. श्वास संथ होतो, विचार सरतात, पण लगेच 'बघणारा' डोळ्यांमागे घट्ट होतो आणि कपाळ ताणतं. तोही दिसतोय म्हणजे तो मी नव्हे, हे बुद्धीला पटतं. ताण काही सुटत नाही. अशा वेळी रमण महर्षी सांगत तसं 'हे कोणाला जाणवतंय?' विचारायचं, की इगतपुरीला विपश्यनेत शिकवतात तशी ती संवेदना नुसती समतेने पाहायची? दोन्ही आलटूनपालटून करणं मला तरी धरसोड वाटते. प्रत्यक्ष साधना करणाऱ्यांनी कृपया सांगा. ठाण्याकडे निसर्गदत्त महाराजांच्या इंचगिरी संप्रदायातलं कुणी नवख्यांना वेळ देतं का?