क्रूझच्या आधी रोममध्ये अडीच दिवस, आईबाबा सोबत आहेत, काय ठेवू काय सोडू?

कोथरूडकर_मी:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमची ७ रात्रींची क्रूझ आहे, बोट रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदराहून संध्याकाळी सुटते, सांतोरिनी, कुशादासी, नेपल्स करून परत तिथेच. गुरुवारी रात्री रोमला उतरतोय म्हणजे शुक्रवार शनिवार पूर्ण आणि रविवारची सकाळ हातात आहे. बाबा ७१ वर्षांचे, गुडघ्याचा त्रास, सपाट रस्त्यावर तासभर चालतात पण जिने आले की थांबत थांबत. ३० वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय त्यांनी, कलोसियम फक्त पुस्तकात दाखवलं पोरांना, त्यामुळे ते नीट निवांत बघायला मिळावं एवढीच माझी इच्छा आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. व्हॅटिकन म्युझियम रविवारी सकाळी उरकून थेट बंदरावर गेलो तर चालेल का? त्या दिवशी फुकट असतं असं वाचलं. आणि हॉटेल टर्मिनी स्टेशनजवळ घेऊ का, सगळे तेच सांगतात.

बदलापूरची_लेक:
दादा, रविवारचं व्हॅटिकन डोक्यातून काढून टाका. म्युझियम एरवी रविवारी बंदच असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट, तेही शेवटचा प्रवेश साडेबाराला आणि दोनला बंद, त्यामुळे रांग भिंतीला वळसा घालून जाते आणि त्याच दिवशी तुम्हाला बोट पकडायचीय. शुक्रवारी सकाळचं पहिलं तिकीट काढा. आत चालणं खूप आहे, बाबांसाठी दारातच व्हीलचेअर मागा, मिळते, आणि संकोच करू नका, आम्ही सासऱ्यांना चालवत नेलं आणि सिस्टीन चॅपेलपर्यंत पोचेस्तोवर ते इतके दमले की वर छतावरच्या चित्रांकडे बघायचं सोडून कडेच्या बाकावर डोळे मिटून बसले, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

कलोसियम शनिवारी सकाळी. तिकिटं साधारण ३० दिवस आधी सुटतात आणि पटापट संपतात, तिकिटावर नाव असतं म्हणून पासपोर्ट सोबत ठेवा. वर जायला लिफ्ट आहे. त्याच तिकिटात फोरम म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष आणि पॅलेटाइन टेकडी येते, पण फोरममधली जमीन उंचसखल, जुने दगड, तिथे बाबांना दमवण्यापेक्षा मागच्या कॅपिटोलिन टेकडीवरून अख्खं फोरम वरून दाखवा, टॅक्सी जवळपर्यंत जाते.

हॉटेल टर्मिनीला नको, सान पिएत्रो स्टेशनजवळ घ्या. चिवितावेक्कियाची लोकल तिथे थांबते, पाऊण-एक तास लागतो, पाच युरोच्या आसपास तिकीट. टर्मिनीला ही गाडी अगदी टोकाच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते, बॅगा ओढत खूप चालावं लागतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर दंड. उतरल्यावर स्टेशनहून बस लार्गो देल्ला पाचेला नेते, तिथून बंदराची फुकट बस बोटीपर्यंत.

दोन पासपोर्टवाला:
व्हिसा बघितला का? कुशादासी तुर्कीत, म्हणजे तुम्ही शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) बाहेर जाऊन परत आत येताय, सिंगल एंट्री चालणार नाही, मल्टिपलच मागा आणि अर्जासोबत बोटीचा पूर्ण मार्ग जोडा. तुर्कीच्या व्हिसाचं काय ते क्रूझवाल्यांकडून लेखी घ्या, फोनवर सांगितलेलं धरू नका.

जुनी_नाणी:
बाबा इतिहासाचे मास्तर आहेत वाचून राहवलं नाही. पँथेऑन म्हणजे घुमटाचं प्राचीन रोमन देऊळ सोडू नका, एकही मोठा जिना नाही, तिकीट काढावं लागतं. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर, सळई न घालता ओतलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही आणि तो जवळजवळ १९०० वर्षं उभा आहे. वरचं भोक उघडंच आहे, पाऊस आला की सरळ आत पडतो, खाली फरशीला निचऱ्याची बारीक छिद्रं आहेत ती बाबांना दाखवा. ऊन असेल तर उन्हाची गोल चकती भिंतीवरून सरकताना दिसते, अर्धा तास बसून बघा.

तिथून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी चर्च, प्रवेश फुकट. डावीकडच्या शेवटच्या चॅपेलमध्ये कॅराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराची सेंट मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. आत अंधार असतो, डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो, मग कुणीतरी दुसरा नाणं टाकतो. टेबलावर पैसे मोजणारी माणसं आणि उजवीकडून आलेला तो उजेड, मी तर खिशातली सगळी चिल्लर तिथेच संपवली. दुपारी मधे बंद असतं.

आणि एक, जायच्या आधी जमलं तर बाबांना कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये न्या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे, समुद्राचा देव, रोमशी चाललेल्या व्यापारातून आपल्याकडे आलेली. ती बघून मग फोरमकडे बघितलं की वेगळंच वाटतं.

पुरणपोळी_प्रवासी:
आईंसाठी लिहिते. पिझ्झा मारिनारा घ्या, टोमॅटो लसूण ओरेगानो, चीज नाहीच. रोममध्ये नापोली नावाचा पिझ्झा चुकूनही नको, त्यावर अँकोव्ही म्हणजे मासे असतात. सुप्ली म्हणजे तळलेले भाताचे गोळे, पुष्कळदा आत खिमा. पेकोरिनो आणि पार्मेजान चीज प्राण्याच्या पोटातलं रेनेट घालून करतात, आई ते पाळत असतील तर काचो ए पेपे हा चीज-मिरीचा पास्तासुद्धा बाद. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. पाणी विकत घेऊ नका, गल्लोगल्ली नासोने म्हणून लोखंडी नळ आहेत, अखंड वाहतात, तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकायला लागत नाही, गुडघेवाल्यांना तर फारच बरं. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका, दंड आहे. आणि दगडी रस्त्यांवर बॅगेची चाकं तुटतात, आमच्या आईंच्या बॅगेचं एक चाक तिथेच निखळलं.

कोथरूडकर_मी:
मंडळी मनापासून आभार. सान पिएत्रोजवळ हॉटेल बघितलं, लिफ्ट आहे. शुक्रवार व्हॅटिकन, शनिवारी सकाळी कलोसियम आणि दुपारी झोप काढून संध्याकाळी पँथेऑन, रविवारी दहाची लोकल. मल्टिपल एंट्रीचं एजंटने सांगितलंच नव्हतं, आजच फोन केला. आणि ते कोल्हापूरचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पुढच्या शनिवारी निघू.

जुनी_नाणी:
शनिवारी म्युझियम किती वाजता उघडतं ते आधी फोन करून विचारा. आणि परत आलात की चॅपेलच्या चित्रांबद्दल बाबा काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.