आंदालुसियातले डोंगरी किल्ले, बाबांना घेऊन कुठले जमतील?

भटक्या_नाशिककर:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी मी, बायको आणि बाबा असे तिघं आठ दिवस दक्षिण स्पेनला चाललोय, विमान मालागाला उतरतं. ग्रानादाच्या आल्हांब्रा राजवाड्याची तिकिटं काढून झालीयत, बायकोला ते पाहायचंच होतं. पण बाबा म्हणतात राजवाडे काय टीव्हीवर पण दिसतात, मला डोंगरावरचा किल्ला दाखव. आयुष्यभर सह्याद्री पालथा घातलेला माणूस, राजगड किती वेळा झाला हे मोजायचं पण सोडून दिलंय, आता वय ६९ आणि उजवा गुडघा बोलतो, चढतात बरे पण उतरताना हाल. तर मूरांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम राजवटीच्या काळातले तिकडचे किल्ले खरंच वर जाऊन बघण्यासारखे आहेत का नुसती पडकी भिंत आणि सेल्फी? गाडी घ्यावी का बसने भागेल?

सुगरण_मालागा:
मी इथे चार वर्षं राहतेय. सुरुवात मालागातूनच करा, शहराच्या डोक्यावरच हिब्राल्फारो आहे, चौदाव्या शतकात ग्रानादाचा सुलतान पहिला युसुफ याने बांधलेला. ३५ नंबरची बस वर दारापर्यंत जाते, त्यामुळे बाबांना चढ नाही. पण उतरायला पण बसच घ्या प्लीज, पायवाटेचा दगड घासून घासून गुळगुळीत झालाय, मीच एकदा बसले आहे त्याच्यावर 😅 खालच्या आल्कासाबाला, म्हणजे शहरातल्या जुन्या गढीला, रस्त्यावरून लिफ्ट आहे. आणि हो, बरेच किल्ले सोमवारी बंद असतात, आधी बघून निघा.

बखरबहाद्दर:
आल्कासाबा म्हणजे आपला कसबा हो! अरबी अल-कसबा, तोच शब्द फारसीतून फिरत फिरत पुण्यात पोचला. आणि आपला 'किल्ला' पण मूळचा अरबी कलआ, म्हणून तिकडे आल्काला नावाची गावं ढिगाने सापडतात. त्यातलं आल्काला ला रेआल नक्की करा, ग्रानादाहून तासाभराच्या अंतरावर, वर ला मोता नावाचा किल्ला. ग्रानादाच्या राज्याच्या वेशीवरचा गड, १३४१ मध्ये कॅस्टिल या ख्रिश्चन राज्याचा राजा अकरावा आल्फोन्सो याने वेढा घालून घेतला. तिथे खडकात खोदलेले आतले चोरमार्ग आता लोकांना बघायला उघडलेत, बाबा खूष होतील.

दुसरं म्हणजे साआरा दे ला सिएरा. १४८१ च्या डिसेंबरात वादळी रात्री ग्रानादाच्या सुलतानाने अचानक छापा घालून हा गड कॅस्टिलकडून परत घेतला, आणि त्याच्यावरून जी लढाई पेटली ती २ जानेवारी १४९२ ला थेट ग्रानादा गेल्यावरच थांबली. म्हणजे एक गड घेतला आणि दहा वर्षांत सगळं राज्य गेलं. गावातून चढ छोटा पण चांगलाच उभा आहे, खाली धरणाचं निळंहिरवं पाणी दिसतं.

चुन्याचा_घाणा:
थोडं थंड पाणी ओततो. 'मूरांचा किल्ला' अशी पाटी असली तरी त्यातलं अर्धंअधिक नंतरच्या कॅस्टिलवाल्यांचं असतं, विशेषतः मधला उंच बुरूज. आल्मोदोवार देल रिओ तर विसाव्या शतकात मालकाने एवढा दुरुस्त केलाय की सेटवर आल्यासारखं वाटतं (आणि त्याच्यावर सिरीयलचं शूटिंग झालंच शेवटी). मात्रेरा किल्ल्याचा बुरूज २०१३ ला ढासळला, मग जुन्या दगडांभोवती पांढरे सपाट पृष्ठभाग उभे केले, २०१६ ला जगभर लोकांनी नावं ठेवली आणि त्याच कामाला आर्किटेक्चरचं बक्षीस पण मिळालं. आपल्याकडे गडावर सिमेंट लावलं की आपण ओरडतो तोच वाद. मला विचाराल तर निदान जुनं कुठलं नवं कुठलं ते तिथे कळतं तरी.

अस्सल बघायचं तर हाएन प्रांतात बान्योस दे ला एन्सिना. भिंती दगडाच्या नाहीतच, माती, चुना, खडी लाकडी साच्यात कुटून उभ्या केल्यात, साच्याच्या वाशांची भोकं अजून दिसतात. १४ चौकोनी बुरूज, चहूकडे ऑलिव्हची झाडं. जरा आडबाजूला आहे, पण गर्दी नाही.

रस्ता_चुकलेला:
गाडी घ्या, पण सगळ्यात छोटी घ्या. काउंटरवर मला 'फ्री अपग्रेड' म्हणून मोठी गाडी गळ्यात मारली, मी पण हुरळलो, आणि ओल्वेरात मॅप दाखवेल तसा वर वर जात राहिलो तर गल्ली एवढी अरुंद झाली की दोन्ही आरसे मिटून, बायको पुढे चालत हात दाखवतेय, एक आजोबा खुर्ची उचलून घरात घेतायत, अशी वरात निघाली. शेवटी खरचटलीच, फुकटची गाडी महागात पडली. गावाच्या खालीच पार्क करा. ओल्वेराचा किल्ला मात्र भारी, एका सुळक्यावर चिकटवल्यासारखा.

भटक्या_नाशिककर:
सगळ्यांचे आभार, बाबांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न, वर पाणी कुठून यायचं?

बखरबहाद्दर:
बाबांना नमस्कार सांगा. पावसाचं पाणी साठवायचे, जमिनीखाली विटांच्या कमानींवर पेललेलं टाकं, त्याला स्पॅनिशमध्ये आल्हिबे म्हणतात, शब्द अरबीच. आणि पाणी संपलं की काय होतं ते शेजारी पोर्तुगालात सिल्व्हिशला घडलं, ११८९ च्या उन्हाळ्यात क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिश्चन धर्मयोद्ध्यांनी, वेढा घालून पाणी तोडलं, तेव्हा आतल्या लोकांना गड सोडावा लागला.
अजून एक, आल्हांब्रा म्हणजे नुसता राजवाडा समजू नका. न्यायाचा दरवाजा बघा त्यांना घेऊन, १३४८ चा. आत शिरलं की वाट वळते, परत वळते आणि वर चढते, सरळ धावत घुसताच येत नाही. गोमुखी दरवाजा बघितलेल्या माणसाला समजावायला नको.

भटक्या_नाशिककर:
झालं. बाबांनी आत्ताच बॅटरी काढून सेल तपासले, टाक्यात डोकवायला लागेल म्हणे. आणि छोटी गाडी बुक केली.