शब्दचर्चा: न झालेल्या नोंदीला ‘निरंक’ म्हणावे का?

प्रश्न: पावसाच्या दैनिक नोंदींचा तक्ता इतर संशोधकांसाठी खुला करायचा आहे, सोबत मराठी माहितीपत्र असेल. ज्या दिवशी मोजणीच झाली नाही (मिसिंग व्हॅल्यू), तिथे ‘निरंक’ चालेल का?

– नको. ‘माहिती निरंक’ हा सरकारी शेरा म्हणजे पाहिले, पण कळवण्यासारखे काही नव्हते. अहवालच आला नाही तर ‘अप्राप्त’. पर्जन्यमापक कोरडा सापडला तो दिवस शून्य, पाहिलाच नाही तो अप्राप्त. हवामान विभागाच्या ग्रिड स्वरूपातल्या (नकाशाच्या चौकोनांनुसार मांडलेल्या) पर्जन्यविदात, म्हणजे पावसाच्या डेटात, अशा जागी -९९९ असते, ते उगाच नाही. १० आणि २० मिमीच्या दोन नोंदी आणि तिसरी हुकलेली. तिथे शून्य भरले तर सरासरी १० येते आणि कुणाला संशयही येत नाही. -९९९ चुकून हिशेबात आले तर उणे ३२३! चूक लगेच ओरडते.

– ‘अप्राप्त’ अर्धाच पटतो. नोंद पोचली नाही, मोजणी झाली नाही आणि मोजणी झाली पण शंकास्पद म्हणून काढली, या तीन गोष्टी आहेत. तिसरीला ‘वगळलेली’ म्हणा. आकड्यांच्या रकान्यात एकच सांकेतिक अंक ठेवा आणि हे शब्द शेऱ्याच्या वेगळ्या रकान्यात लिहा. मिसळलेत की संगणक अख्खा रकाना मजकूर समजतो. शिवाय ‘दैनिक’चाही खुलासा हवा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे १२ जुलैच्या नोंदीतला बराचसा पाऊस ११ तारखेचा असतो. नदीच्या पातळीशी ताडून पाहणारा हमखास फसेल.

– ‘विदा’ की ‘डेटा’, हा वाद इथे नको. मला ‘विदा’ आवडतो, पण सामान्यरूप ‘विद्याचा’ केले की शेजारची विद्या आठवते. ‘विदाचा’ लिहा आणि पुढे चला.

प्रश्नकर्ता: आभार. पाऊस झाला, पण ०.१ मिमीपेक्षा कमी, त्याला ‘भुरभुर’ म्हणू?

– ‘लेशमात्र’ बरे. भुरभुर हा पडण्याचा प्रकार झाला. ती चारपाच तास टिकली तर मोजण्याइतके पाणी सहज जमते.