पाहुणा चित्रकार पंधरा दिवस राहिला, मुलांना काय मिळालं?

खाडीपलीकडचा (धागा काढणारा)
मालवण तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात पुण्याचे एक चित्रकार पंधरा दिवस राहून गेले. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत मुक्काम, तिथेच इझल, मधल्या सुट्टीत पोरं खिडकीला लटकलेली. शेवटच्या शनिवारी प्रदर्शन. मी माजी विद्यार्थी आणि आता पालक, वर्गणीही दिली होती. गेलो तर सभागृहात पाहुण्यांची चित्रं फ्रेममध्ये, आणि मुलांची बाहेर पडवीत, सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. वर पागोळ्या. माझ्या लेकीच्या चित्रातला माड संध्याकाळपर्यंत ओघळून खाली आला.

हा उपक्रम मुलांसाठी नव्हताच, पाहुण्यांची पावसाळी सोय होती. कलाशिक्षक निवृत्त झाले तेव्हापासून जागा रिकामी आहे, पीटीचे सर कर्तव्यभूमिती (परकार-पट्टीने आकृत्या काढणं) शिकवतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ जादा गुण, ब ला ५, क ला ३. पंधरा दिवसांच्या पाहुण्याने त्यातला एक तरी वाढणार आहे का?

सातवी ब ची आई
गुणांचा हिशेब बरोबर आहे, पण चित्रकला म्हणजे तेवढंच का? मी रोज डबा द्यायला जायची, म्हणून एक प्रसंग डोळ्यांसमोर घडला. पावसात होड्या काठावर झापांखाली, म्हणून पाहुणे फोटो बघून पाण्यातली होडी काढत होते. आठवीतला एक मुलगा, वडील रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला) जातात, वर्गात कधी तोंड न उघडणारा, मागून म्हणाला, "काका, उलांडी बांधूकच नाय तुमी. होडी उलटतली." चित्रकार हसले नाहीत. खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर आडवे वासे काढले, दोरीचे वेढे कुठे पडतात ते दाखवलं. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला वाशांनी बांधलेला ओंडका. दुसऱ्या दिवशी बघते तर चित्रात उलांडी बांधलेली. सात गुण मिळवून तो मुलगा एवढा ताठ चालला नसता.

गडगेकर
प्रसंग छान, मान्य. पण पुणेकरच कशाला? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आहे, तिच्यासाठी २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे आहेत. त्यांतलं कोणी पंधरा दिवस बोलावलं असतं तर मुलांना निदान आपलं काही कळलं असतं. आपल्याकडे पाहुणा घाट उतरून आला की तो कलावंत, शेजारचा आला की "जा रे, चहा घेऊन जा".

सातवी ब ची आई
@गडगेकर, पिंगुळीला सहल गेली होती. पाऊण तास. अर्ध्या मुलांना वडापाव तेवढा आठवतो. राहायला बोलवा ना त्यांनाही, नको कोण म्हणतंय!

जुना ड्रॉइंगवाला
मी या धंद्यातला, बत्तीस वर्षं शाळेत खडू झिजवला. दोघांशीही माझं भांडण आहे. पाहुण्याने जे केलं ते आम्हाला तासिकेच्या पस्तीस मिनिटांत जमत नाही: मुलांकडून जांभा दगड कुटून घेतला, मलमलीतून गाळला, डिंकात खलला. आपल्या गडग्याचा (दगडी कुंपणाचा) रंग पेटीतल्या तपकिरीत नसतो हे मुलांना तेव्हा कळलं. कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं याच जांभ्यात कोरलेली आहेत, हेही तिथेच निघालं. पुस्तकातून सांगून मी थकलो होतो.

पण पाहुणा गेला की खल कोण धरणार? चित्रकार प्रभाकर बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मले. तसं डोळ्याचं मूल आज आपल्या शाळेत असेल, तर त्याचा हात रोज बघणारं माणूस तिथे पाहिजे. पाहुणा रोज बघत नाही, आणि पीटीच्या सरांना दोष नाही, बिचारे परकार धरायला माझ्याकडेच शिकून गेले.

खाडीपलीकडचा
म्हणजे मी म्हणतो तेच ना?

जुना ड्रॉइंगवाला
नाही. तुम्ही म्हणता पाहुणा नको. मी म्हणतो शिक्षक हवा आणि पाहुणाही हवा. शिक्षकाची मागणी करायची सोडून तुम्ही पाहुण्याच्या चहाचे कप मोजताय.

दोरी बांधणारा
पडवीत सुतळी मीच बांधली, म्हणून लिहितो. चित्रकारांनी स्वतः सांगितलं होतं, मुलांची आत लावा, माझी बाहेर चालतील. प्रमुख पाहुणे येणार म्हणून वरून हुकूम आला, फ्रेमवाली आत. चित्रकार दिवसभर पडवीतच बसले होते, भिजलेली चित्रं उतरवून स्वयंपाकघरात खिचडीच्या चुलीजवळ वाळवत. माड ओघळलेलं चित्रही त्यांत होतं.

खाडीपलीकडचा
हे मला माहीत नव्हतं. ठीक, चित्रकारांबद्दलचे शब्द मागे घेतो. शाळेबद्दलचे नाही. पालकसभेत दोनच गोष्टी विचारणार: कलाशिक्षकाच्या जागेचा प्रस्ताव कधी गेला, आणि पुढच्या वर्षी आत कोणाची चित्रं लागणार.

गडगेकर
तिसरीही विचारा. जांभ्याचा उरलेला रंग आणि खलबत्ता कुठे आहे?

दोरी बांधणारा
कार्यालयातल्या कपाटात. चावी क्लार्ककडे. "स्टॉकला नोंद होईपर्यंत मिळणार नाही" म्हणतात.